म्हाताऱ्या हेराल्डचे गुडघे

चेन्नईच्या मैलापूर भागातल्या एखाद्या मराठी घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. आजोबांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली. फाटकाच्या आत, कडुनिंबाच्या सावलीत त्यांची १९६९ सालची स्टँडर्ड हेराल्ड उभी. पोंगलच्या आधी तिला नवा रंग दिलेला, सीटना नवी कव्हरे शिवलेली, क्रोमच्या पट्ट्या आरशासारख्या लखलखीत. रविवारची संध्याकाळ. नातवाला घेऊन बेझंट नगरच्या समुद्रावर जायचा बेत आहे आणि नातू केव्हाच गाडीत चढून बसला आहे. तेवढ्यात सूनबाई बाहेर येतात.

"चिंटू, खाली उतर. बाबा, रागावू नका, पण पुढचं चाक असं डुगडुगतंय तोवर मी याला या गाडीत बसवणार नाही."

"अगं, पन्नाशी उलटलीय तिची. थोडं खडखडणारच. आणि परवाच मेकॅनिकनं सगळीकडे भरपूर ग्रीस मारून दिलंय."

"ग्रीस मारलंय ना? मग आवाज का जात नाही?"

चित्र काल्पनिक असले तरी जुनी गाडी जिवापाड जपणाऱ्या कुठल्याही घरात हा संवाद घडू शकतो. यात सूनबाईंचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि आजोबांच्या उत्तरातच दुखण्याचे मूळ आहे. हेराल्डच्या पुढच्या चाकांत एक जागा अशी आहे, जिथे ग्रीस चालत नाही. तिथे तेलच लागते. हा साधा फरक न कळल्यामुळे या गाड्यांची पुढची चाके चालता चालता आत दुमडली आहेत. म्हणूनच आज या गाडीच्या 'गुडघ्यां'ची थोडी ओळख करून घेऊ.

मद्रासची मोटार

आजच्या तरुण वाचकांनी हेराल्ड कदाचित पाहिलीही नसेल. साठच्या दशकात आपल्या रस्त्यांवर मुख्यतः तीनच देशी बनावटीच्या मोटारी दिसत. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९४८ साली मद्रासमध्ये स्थापन झाली. शहराच्या दक्षिणेला, पेरुंगळत्तूर आणि वंडलूरच्या बाजूला तिचा कारखाना होता.

मूळ गाडी इंग्लंडची. जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने रेखाटलेली ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली तिथल्या बाजारात आली आणि १९६१ पासून ती मद्रासमध्ये 'स्टँडर्ड' या नावाने बनू लागली. चार दरवाजांची हेराल्ड तर खास आपल्याकडचीच. ती १९६८ साली निघाली. १९७१ मध्ये हेराल्डचे उत्पादन थांबले. पुढच्या वर्षी आलेली गॅझेल १९७७ पर्यंत थोड्या संख्येने बनली. १९८५ साली कंपनीने स्टँडर्ड २००० ही मोठी आणि महागडी गाडी काढून पाहिली, पण ती चालली नाही. १९८८ मध्ये तीही बंद पडली. पुढे बरीच वर्षे कारखाना कुलूपबंद राहिला आणि २००६ च्या अखेरीस त्याच्या जागेचा लिलाव झाला.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. ज्या गाडीची कंपनीच उरली नाही, तिचे नवे भाग कंपनीच्या खोक्यात, कंपनीच्या हमीसह मिळत नाहीत. जे मिळेल ते मालकाला स्वतः पारखून घ्यावे लागते. पारखायचे तर आधी कुठला भाग काय काम करतो हे ठाऊक हवे.

चाक टांगले कशावर?

हेराल्डची एक मोठी सोय अशी की तिचे बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट पुढे कलंडते. ते उघडले की पुढची दोन्ही चाके, त्यांचे आर्म, स्प्रिंगा, स्टेअरिंगचे दांडे असे सगळे उघड्यावर येते. गाडीखाली न शिरताही घरातल्या कोणालाही पुढची रचना पाहता येते. इतर गाड्यांच्या मालकांनी हेवा करावा अशी ही गोष्ट आहे.

बॉनेट उघडून पाहिले, तर चासीपासून बाहेर आलेले दोन त्रिकोणी आर्म दिसतील. एक वर, एक खाली. या दोघांच्या टोकांमध्ये एक उभा पोलादी दांडा आहे. गॅरेजमध्ये त्याला व्हर्टिकल लिंक म्हणतात. चाक या दांड्यावर बसवलेले असते. दांड्याचे वरचे टोक बॉल जॉइंटने वरच्या आर्मला जोडलेले असते. आपल्या खांद्याच्या सांध्याप्रमाणे हा जॉइंट सगळीकडे वळू शकतो.

खालच्या टोकाची तऱ्हा वेगळी. तिथे दांड्यावर स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात आणि ते आटे मुठीएवढ्या ब्राँझच्या एका ठोकळ्यात फिरतात. हा ठोकळा म्हणजे ट्रनियन. ठोकळ्यातून आडवा बोल्ट जातो आणि तो खालच्या आर्मला धरून ठेवतो. बोल्टाभोवती नायलॉनचे बुश, पोलादी नळी, वॉशर आणि धूळ अडवणारी रबरी कडी अशी सगळी मंडळी असतात. स्टेअरिंग वळवले की दांडा ठोकळ्याच्या आट्यांत थोडासा फिरतो. चाक खड्ड्यात गेले की ठोकळा बोल्टाभोवती झुलतो. दोन्ही हालचाली एकाच जागी होतात, आणि गाडीच्या त्या कोपऱ्याचा भारही याच आट्यांवरून खालच्या आर्मकडे आणि स्प्रिंगकडे जातो.

म्हणजे वरच्या बॉल जॉइंटपेक्षा खालच्या ठोकळ्याचे काम कितीतरी जड. वरचा जॉइंट झिजला तर गाडी आधी खूप दिवस कुरकुर करते. खालचा दांडा आतून गंजत असेल तर मात्र तो फारसा आवाज करीलच असे नाही.

हेराल्डचे आणखी एक कौतुक म्हणजे ती फार थोड्या जागेत वळते. तिचा वळणाचा घेर सुमारे २५ फुटांचा. त्यासाठी पुढची चाके इतर गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त वळतात, आणि चाके पूर्ण वळलेली असताना आट्यांवरचा ताणही वाढतो. म्हणून ट्रनियन मोडण्याचे प्रसंग अनेकदा भरधाव वेगात न येता गाडी मागे-पुढे करून उभी करताना येतात. तसे झाले तर नशीबच म्हणायचे, कारण मोडलेले चाक आत दुमडते आणि गाडीचा तो कोपरा रस्त्यावर बसतो. हीच गोष्ट ईस्ट कोस्ट रोडवर ऐंशीच्या वेगात घडली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

ही रचनाच वाईट होती असे मात्र कोणी समजू नये. ट्रायम्फच्या स्पिटफायर, व्हिटेस अशा गाड्यांत हीच पद्धत होती आणि कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनेही आपल्या एलान या वेगवान गाडीसाठी ट्रायम्फच्याच या भागांचा आधार घेतला. वेळच्या वेळी तेल मिळाले की हा ठोकळा वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो.

ग्रीस का नको?

ट्रनियनचा ठोकळा खालून बंद असतो. एखाद्या लहान बाटलीत तेल भरून तिच्या तोंडात स्क्रू फिरवावा, तशी ही योजना आहे. कंपनीने यासाठी नव्वद नंबरचे घट्ट गिअर ऑइल सांगितले होते. दर सहा हजार मैलांनी ठोकळ्यावरचे लहान बूच काढायचे, त्या जागी निपल बसवायचे आणि गनने ऑइल भरायचे. वरच्या कडेतून ताजे तेल डोकावू लागले की पुरे.

दांडा आट्यांत पूर्ण फेरा कधीच घेत नाही, थोडासा इकडे-तिकडे होतो. त्यामुळे त्या फटीत वंगण आपोआप ओढले जात नाही. तेल पातळ, म्हणून ते स्वतःच झिरपत आट्यांच्या तळापर्यंत पोचते. ग्रीस तसे झिरपत नाही. ते एका जागी बसते, कालांतराने सुकते आणि घट्ट होते. एकदा का ते घट्ट झाले की पुढे मारलेले ताजे ग्रीसही आत शिरत नाही, बाजूने बाहेर येते. मेकॅनिकला वाटते, जागा भरली. आत मात्र आटे कोरडे असतात.

त्यात पाणी शिरले की गंज सुरू होतो. दांडा ठोकळ्यात शिरतो त्या तोंडाशीच तो जास्त धरतो आणि दांडा तुटतो तोही बहुधा तिथेच. चेन्नईत पाण्याला तोटा नाही. हवेत समुद्राचा खारटपणा बारा महिने. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस आणि त्यात तुंबणारे रस्ते. डिसेंबर २०१५ चा पूर किंवा डिसेंबर २०२३ मधल्या मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस आठवा. अशा वेळी अंगणात उभ्या असलेल्या गाडीचेही ट्रनियन पाण्याखाली जातात, कारण सस्पेन्शनमधला तो सर्वांत खालचा भाग. इंजिनात पाणी गेले का, हे सगळे पाहतात. या ठोकळ्याची आठवण फार थोड्यांना होते.

मग मेकॅनिक ग्रीस का मारतात? त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. ॲम्बॅसिडर, पद्मिनी, ट्रक, बस यांच्या पुढच्या भागात निपल दिसले की ग्रीस मारायचे, हा त्यांच्या हाताला पडलेला वळसा आहे. दुसरे कारण अगदी घरगुती आहे. तेल भरले की ते थोडे ठिबकते आणि फरशीवर डाग पडतो. दारात कोलम काढलेल्या अंगणात तेलाचा डाग कोणाला आवडेल? ग्रीस ठिबकत नाही, म्हणून ते सोयीचे वाटते. हेराल्डच्या बाबतीत मात्र चाकाजवळचा तेलाचा बारीक डाग ही तब्येत ठीक असल्याची खूण समजावी.

घरच्या घरी तपासणी

काही गोष्टी घरच्या माणसांना सहज तपासता येतात. सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. पुढचा भाग चासीखाली जॅक लावून उचलावा आणि लगेच भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

पहिली तपासणी. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आलटून पालटून ढकलावे आणि ओढावे. खेळ जाणवला, तर दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा आणि चाक पुन्हा हलवावे. आता खेळ नाहीसा झाला, तर दोष व्हील बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला, तर वरचा बॉल जॉइंट, ट्रनियन किंवा आर्मचे बुश ढिले आहेत. बॉनेट उघडे ठेवून कोणी बॅटरीचा झोत टाकला, तर नेमकी कुठली जोड हलते हे डोळ्यांना दिसते.

दुसरी तपासणी. चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. इथे खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंग रॅकचे रबर पाहावे. इंजिनाचे तेल गळून ही रबरे फुगतात आणि मऊ पडतात.

तिसरी तपासणी ट्रनियनची. उभ्या दांड्याजवळ चपटी लोखंडी पट्टी अडकवून हलकेच वर-खाली नेट द्यावा. दांडा ठोकळ्यातल्या ठोकळ्यात वर-खाली होत असेल, तर आटे झिजले आहेत. ठोकळा बोल्टावर खुळखुळत असेल, तर नायलॉनचे बुश संपले आहेत. पहिला दोष आढळला तर गाडी चालवत गॅरेजात नेऊ नये. मेकॅनिकला घरी बोलवावे.

चौथी तपासणी गाडी जमिनीवर असताना. पुढचा कोपरा जोराने खाली दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉक ॲब्सॉर्बर ठीक. झोपाळ्यासारखी झुलत राहिली तर तो बदलायला आला. डाव्या आणि उजव्या बाजूची उंची टेपने मोजावी. एक बाजू खाली बसली असेल तर स्प्रिंग थकली आहे. टायरवरूनही हात फिरवावा. एकाच कडेची झीज झाली असेल, तर पुढच्या भागात काहीतरी वाकडे किंवा ढिले आहे.

काम निघाले की

मेकॅनिक कितीही भरवशाचा असला, तरी काम चालू असताना मालकाने जवळ बसावे. मध्ये मध्ये बोलायचे नाही. काय काय निघते ते पाहायचे आणि लिहून ठेवायचे.

या कामात जिवाला धोका एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे स्प्रिंग. हेराल्डमध्ये स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकमेकांवर बसवलेले असतात. वरचे तीन नट आणि खालचा एक बोल्ट काढला की ते दोन्ही एकत्र, सुरक्षित बाहेर येतात. त्याच्या डोक्यावर मधोमध जो नट असतो, त्याला मात्र स्प्रिंग दाबणारे साधन लावल्याशिवाय कोणीही पाना लावू नये. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटावर अडवलेली असते. तो सुटला की ती गोळीसारखी उडते. तारेने बांधू, दोरीने आवळू, अशी घाई कोणी करीत असेल तर काम तिथेच थांबवावे.

टाय रॉडचा जोड काढताना नटावर हातोडा मारून आटे खराब करू नयेत. जाणकार फिटर दोन हातोडे घेतो आणि आर्मच्या डोळ्याला दोन्ही बाजूंनी एकदम ठोका देतो. बसलेला जोड टपकन सुटतो. ब्रेकची रबरी नळी ओढली जाऊ नये म्हणून ब्रेकची प्लेट तारेने चासीला टांगून ठेवावी.

सर्वांत चिवट असतो ट्रनियनचा आडवा बोल्ट. वर्षानुवर्षांच्या गंजाने तो आतल्या नळीला चिकटून बसलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, सकाळी पुन्हा मारावे आणि मग पाना लावावा. तरीही तो हलला नाही तर करवतीने कापावा लागतो. बोल्ट नवा मिळतो, म्हणून त्याचे दुःख करू नये.

आता मुख्य परीक्षा. ठोकळा दांड्यावरून फिरवून काढायचा. इथे एक मेख आहे. एका बाजूचे आटे सरळ, तर दुसऱ्या बाजूचे उलटे असतात. ठाऊक नसलेला माणूस दुसऱ्या बाजूला जोर लावत बसतो आणि नवा माल खराब करतो. दांडा निघाला की रॉकेलने धुवून, पुसून, भिंगातून आटे पाहावेत. खड्डे, गंजाची काळी रेघ, आट्यांच्या धारदार झालेल्या कडा यांपैकी काहीही दिसले तर तो दांडा बाद समजावा. वरून ठीक दिसला तरी भेगा दाखवणाऱ्या रंगाची चाचणी करून घ्यावी. गिंडी, अंबत्तूर अशा औद्योगिक वसाहतींच्या शहरात हे काम होण्यासारखे आहे. तुटत आलेल्या दांड्याला वेल्डिंग करून देतो असे कोणी म्हणाले, तर नमस्कार करून उठावे. या भागाला वेल्डिंग चालत नाही.

जोडणी करताना नवा ठोकळा गिअर ऑइल भरून दांड्यावर शेवटपर्यंत फिरवायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा, म्हणजे चाक दोन्हीकडे पूर्ण वळले तरी तो अडणार नाही. रबरी बुश असलेले आर्मचे बोल्ट आधी हातापुरतेच आवळावेत. गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन स्प्रिंगांवर पडल्यावर मगच ते शेवटचे घट्ट करावेत. चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली आल्याबरोबर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश लवकरच फाटतात. ही चूक फार होते, कारण वर असताना पाना लावणे सोपे जाते.

खालच्या आर्मच्या बैठकीमागे पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. चाकाचा कल त्यांच्यावर ठरतो. बैठक काढावी लागली, तर कुठल्या जागी किती चकत्या निघाल्या ते कागदावर लिहून त्या तशाच परत घालाव्यात. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

एकच बाजू बदलू का, असा प्रश्न हमखास निघतो. ज्या वर्षांनी डावी बाजू झिजवली, त्याच वर्षांनी उजवीही झिजवली आहे. ट्रनियन, बुश, स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत.

माल घेताना

चेन्नईत मोटारींच्या नव्या सुट्या भागांची दुकाने माउंट रोडजवळच्या जनरल पॅटर्स रोडवर आहेत, तर जुना, उतरवलेला माल कूम नदीकाठच्या पुदुपेटमध्ये मिळतो. पुदुपेटच्या गल्ल्यांत दाराच्या हँडलपासून गिअरबॉक्सपर्यंत काहीही सापडते म्हणतात. हँडल, काच, दिव्याची कडी असल्या वस्तू तिथून जरूर घ्याव्यात. उभा दांडा आणि ट्रनियन मात्र जुने घेऊ नयेत, कारण आधीच्या मालकाने त्यात तेल घातले होते की ग्रीस, हे त्यांच्याकडे पाहून सहसा कळत नाही.

नवे भाग इंग्लंडमधून मागवता येतात. हेराल्ड, स्पिटफायर या गाड्यांच्या शौकिनांसाठी तिथे हे भाग आजही तयार होतात. या नात्यातल्या गाड्यांचे भाग दिसायला सारखे असले तरी मापात फरक असू शकतो. म्हणून जुना भाग समोर ठेवून माप जुळवावे आणि मगच मागणी द्यावी. मद्रास हेरिटेज मोटरिंग क्लबसारख्या संस्थांमधली जुन्या गाड्यांची जाणकार मंडळीही अशा वेळी उपयोगी पडतात.

भाग हातात आल्यावर दोन साध्या परीक्षा घ्याव्यात. पहिली, लोहचुंबकाची. अस्सल ट्रनियन ब्राँझचा असतो, त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे. दुसरी, बोटांची. ठोकळा दांड्यावर हाताने फिरवून पाहावा. तो लोण्यासारखा सरळ फिरला पाहिजे. मध्येच अडता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये. लेथवर घाईने पाडलेले आटे इथेच उघडे पडतात.

दुसऱ्या गाड्यांचे काय?

तुमच्या दारात हेराल्ड नसेल, पण पद्मिनी, ॲम्बॅसिडर किंवा जुनी मारुती ८०० असेल, तरी वरच्या बहुतेक तपासण्या तशाच लागू पडतात. वंगण मात्र प्रत्येक गाडीचे वेगळे. पद्मिनीच्या किंग पिनला ग्रीसच लागते आणि ते वेळेवर मारावे. मारुती ८०० च्या खालच्या बॉल जॉइंटला बाहेरून काहीच घालायचे नसते; त्याचे रबरी टोपण फाटले की आत धूळ-पाणी जाते आणि जॉइंट बदलावा लागतो. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका कपाटाच्या तळाशी असेल तर ती वर काढावी. मेकॅनिकच्या सवयीपेक्षा त्या पुस्तिकेचे पान अधिक विश्वासाचे.

खर्चाचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. रंग, सीट कव्हर, क्रोम यांवर मालक हौसेने पैसे घालतात, कारण ते चारचौघांना दिसते. ट्रनियन कोणालाच दिसत नाही. जुन्या गाडीसाठी वर्षाचे जे पैसे काढून ठेवले असतील, त्यातला पहिला वाटा चाके, स्टेअरिंग आणि ब्रेक यांचा. उरले तर रंगाला. गिअर ऑइलची एक बाटली घरात असावी. ती पुष्कळ दिवस पुरते आणि तिची किंमत नव्या दांड्याच्या मानाने काहीच नाही.

नंतरची काळजी

काम झाल्यावर पाचशे किलोमीटर चालवून सगळे नट-बोल्ट पुन्हा तपासावेत. त्यानंतर किलोमीटरची वाट न पाहता तारीख धरावी, कारण अशा गाड्या महिन्याकाठी थोड्याच फिरतात आणि उभ्या गाडीतही गंज थांबत नाही. चेन्नईत दोन तारखा सोयीच्या. एक पावसाळ्याच्या आधी, सप्टेंबरात. दुसरी तो संपल्यावर, पोंगलच्या सुमारास. चाके साचलेल्या पाण्यातून गेली असतील तर तारखेची वाट पाहू नये. जुने, पांढुरके झालेले तेल निघून स्वच्छ तेल दिसू लागेपर्यंत गनने ऑइल भरावे. ग्रीस गन आणि ऑइल गन वेगवेगळ्या ठेवाव्यात. ऑइलच्या गनला लाल चिंधी बांधली की गोंधळ होत नाही.

पुन्हा एकदा मैलापूरच्या त्या अंगणात डोकावू. आणखी एक रविवार. या वेळी चाक वर उचललेले आहे आणि बारा-सहाच्या जागी ते धरून सूनबाईच हलवत आहेत. आजोबा ब्रेकवर पाय ठेवून बसले आहेत.

"काय गं, हलतंय का?"

"नाही बाबा. आता पाय काढा." सूनबाई पुन्हा एकदा ढकलून पाहतात. "नाही हलत."

संध्याकाळी गाडी फाटकाबाहेर निघते. स्टेअरिंगवर सूनबाई आहेत, शेजारी आजोबा. मागच्या सीटवरून चिंटू वळून अंगणाकडे पाहतो.

"आजोबा, गाडी होती तिथं तेलाचे दोन ठिपके पडलेत!"

"दोन ना? दोन्हीकडे एकेक?"

"हो."

"मग ठीक आहे," आजोबा म्हणतात.